वरंध्याच्या वाटेवरचे दोन भाऊबंद

२० मार्च जवळ आला की आमच्या वस्तीत महाडला जाण्याची तयारी सुरू होते. १९२७ साली याच दिवशी चवदार तळ्याचे पाणी चळवळीने खुले केले, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही सांगावे लागत नाही. पुण्याहून महाडला जायला वाटा अनेक आहेत. आम्ही मात्र शक्य असेल तेव्हा भोरवरून वरंधा घाटाने जातो. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट बंद ठेवावा लागतो, रस्ता अरुंद आहे, वळणे अवघड आहेत. पण आमचे मूळ गाव वेल्हे तालुक्यातले, त्यामुळे या डोंगरांकडे पाय आपोआप वळतात. वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड तालुका झाले आहे. आमच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच बसलेले आहे.

गेल्या खेपेला आम्ही बाराजण एका जीपमधून निघालो. बरोबर आमची पुतणी होती. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते आणि गळ्यात एक जुनी दुर्बीण अडकवून फिरते. तिच्या नादी लागून या प्रवासात आम्हाला जे कळले, ते आज आपल्यापुढे मांडायचे आहे. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. पक्ष्यांतले आम्हाला कावळा, चिमणी आणि पोपट एवढेच कळत होते. तेव्हा जाणकारांनी चूकभूल सांभाळून घ्यावी.

सातारा रस्त्याने कापूरहोळला आलो आणि उजवीकडे भोरच्या रस्त्याला लागलो. ब्रिटिश अमदानीत बांधलेल्या भाटघर धरणाचे पाणी उन्हात चमकत होते. पुढे भोर आले. १९४८ पर्यंत हे एका संस्थानाचे गाव होते. तिथे चहाला थांबलो. हॉटेलच्या मागे मोठा वड होता आणि त्यातून एकसारखा आवाज येत होता, "कुटरू, कुटरू, कुटरू". दम न घेता, थकवा नाही. आम्ही मोठ्या ऐटीत मुलांना सांगितले, "हा तांबट बरं का!"

पुतणी हसली. म्हणाली, "काका, तांबटाचाच भाऊबंद आहे. पण तांबट नव्हे."

मग तिने चहा थंड होईपर्यंत जे सांगितले ते असे. आपल्या शहरातल्या चाळींजवळ, उंबरावर किंवा पिंपळावर, उन्हाळ्याच्या दुपारी "टुक, टुक, टुक" असा तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. तो खरा तांबट. चिमणीपेक्षा थोडा मोठा, सतरा सेंटीमीटरच्या आतबाहेर. अंग हिरवे, कपाळ आणि गळा लालभडक, डोळ्याभोवती पिवळे. हा ओरडताना चोच उघडत नाही. गळ्याची कातडी फुगवून आवाज काढतो. आपल्या आळीतल्या तांबटाच्या दुकानात दिवसभर जी ठोकठोक चाले, तिच्यावरूनच त्याला हे नाव पडले. कामकरी माणसाच्या धंद्यावरून पक्ष्याला नाव मिळावे, ही गोष्ट आम्हाला फार आवडली.

वडावर ओरडत होता तो याचा मोठा भाऊ. पुस्तकात त्याला तपकिरी डोक्याचा तांबट म्हणतात. दुर्बिणीतून पाहायला आम्हाला पाच मिनिटे लागली, कारण त्याचे हिरवे अंग पानांत मिसळून जाते. लांबी सत्तावीस सेंटीमीटर, म्हणजे साळुंकीहून थोराड. डोके, मान आणि छाती तपकिरी, त्यावर फिकट रेघा. चोच जाड आणि नारिंगी. डोळ्याभोवती नारिंगी-पिवळी उघडी कातडी, ती थेट चोचीला जाऊन भिडलेली. चोचीच्या बुडाशी मिशांसारखे राठ केस. शेजारच्या टेबलावरचे एक म्हातारबुवा म्हणाले, "त्यो कुटुर्गा! आमच्या बांधावर रोज बोंबलतो." आवाजावरून ठेवलेले हे नाव आमच्याही लक्षात राहिले.

भोर सोडले आणि नीरा-देवघर धरणाच्या कडेने रस्ता वर चढू लागला. या रस्त्यावर एक गोष्ट डोळ्यांना सहज दिसते. महामार्गाच्या बाजूला उघडे माळ, बाभळी, उसाचे तुकडे. जसजसे पश्चिमेला जावे तसतशी माती लाल होते, घरांची छपरे उतरती होतात आणि झाडी दाट होत जाते. कारण सह्याद्रीची भिंत समुद्रावरून आलेले ढग अडवते. घाटमाथ्यावर धो धो पाऊस कोसळतो आणि पूर्वेला दहा-वीस मैलांवरच तो कितीतरी कमी होतो. म्हणून एकाच तालुक्यात एका टोकाला कोरडवाहू शेतकरी आकाशाकडे डोळे लावून बसतो, तर दुसऱ्या टोकाला भात लावणारी बाई चार महिने ओल्या लुगड्यात काम करते. माथ्यावर ज्या झाडीत वर्षभर हिरवी पाने टिकतात, जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा अशी झाडे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी असतात, तिला निमसदाहरित रान म्हणतात. केरळ-कर्नाटकातल्या पावसाळी वनांची ही उत्तरेकडची भावंडे.

वरंधा घाटात वाघजाईजवळ जीप थांबली. तिथे वडा-भजीच्या टपऱ्या आहेत, माकडांचा उपद्रव आहे, आणि खाली कोकणचा खोल उतार दिसतो. उतारावरच्या झाडीतून पुन्हा तोच आवाज, "कुटरू, कुटरू". आता आम्ही शहाणे झालो होतो. म्हणालो, "हा बघ, तुझा तपकिरी डोक्याचा इथेही आला."

"काका, नीट बघा. हा तो नव्हे."

दुर्बीण डोळ्याला लावली. हिरवे अंग तसेच, तपकिरी डोकेही तसेच. पण डोळ्याच्या वर एक पांढरी रेघ आणि डोळ्याखाली गालावर दुसरी. जणू कोणी चुन्याचे बोट ओढले आहे. चोच नारिंगी नव्हे, फिकट गुलाबी. डोळ्याभोवतीची मोठी नारिंगी कातडीही नाही. आकाराने पहिल्याहून लहान, तेवीस सेंटीमीटर. हा पांढऱ्या गालाचा तांबट. जुन्या इंग्रजी पुस्तकांत पहिल्याला मोठा हिरवा आणि याला छोटा हिरवा म्हणत. पुतणीने वहीत दोघांची शास्त्रीय नावेही लिहून दिली. मोठा तो सायलोपोगॉन झेलॅनिकस आणि छोटा तो सायलोपोगॉन विरिडिस. जुन्या पुस्तकांत सायलोपोगॉनच्या जागी मेगॅलायमा असे दिसेल. पक्षी तेच, नाव तेवढे बदलले.

आवाज ऐकून दोघांना वेगळे करणे नवख्याला जवळजवळ अशक्य आहे. दोघेही आधी घशात घरघर करतात आणि मग कुटरू-कुटरूचा रतीब सुरू करतात. एकाने सुरुवात केली की दुसऱ्या झाडावरचा उत्तर देतो आणि सगळी दरी दुमदुमते. मग फरक कशात? फरक राहण्यात आहे. तपकिरी डोक्याचा भाऊ साऱ्या देशभर पांगलेला. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईपासून श्रीलंकेपर्यंत तो सापडतो. कोरडे रान, गावाची आमराई, रस्त्याकडेचा वड, शहरातली जुनी बाग, त्याला सगळे चालते. पांढऱ्या गालाचा भाऊ मात्र घर सोडून जात नाही. गुजरातेतल्या डांगपासून दक्षिणेकडे सह्याद्री आणि दक्षिणेतले काही डोंगर, एवढेच त्याचे जग. जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठेही तो नाही. तेव्हा भोरचा वड तुटला तर पहिला भाऊ तोटा सोसून दुसरा वड शोधील. घाटमाथ्याची झाडी गेली तर दुसऱ्याने जायचे कुठे?

आम्हाला आमच्याच घराण्याची आठवण झाली. आमचे वडील गिरणीच्या कामाला मुंबईस गेले, पुढे पुण्यात आले. कुठेही गेले तरी तगले. त्यांची बहीण, आमची आत्या, वेल्ह्याच्या डोंगरातच राहिली. रक्त एक, बोली एक, पण एकाची मुळे पसरलेली आणि दुसरीची एकाच मातीत रुतलेली.

महाडला तळ्यावर अभिवादन केले, रात्री मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी परत फिरलो. मंडळी पुण्याला गेली. आम्ही, आमच्या सहचारिणी आणि पुतणी नसरापूरवरून वेल्ह्याला वळलो. तोरणा डोक्यावर घेऊन बसलेले वेल्हे मागे टाकून केळदच्या रस्त्याला लागलो. याच रस्त्यावरच्या एका वाडीत आमची आत्या राहते. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, पाठीत वाकलेली, पण जीभ खणखणीत.

घराच्या मागे बांधावर आंब्याचे एक झाड होते. चार वर्षांपूर्वी वीज पडून ते वाळले. आत्याने ठरवले होते की येत्या सोमवारी लाकूडतोड्याला बोलावून ते पाडायचे. निम्मे लाकूड त्याला, निम्मे आपल्याला, अशी बोली झाली होती. चार महिन्यांच्या पावसाची चूल त्यावर चालणार होती. गॅसची शेगडी तिच्याकडे आहे. पण टाकी भरून आणायला पैसे लागतात, आणि ती वाडीपर्यंत पोचवायला वेगळे भाडे. म्हणून शेगडी कोपऱ्यात झाकून ठेवलेली, आणि टाकीवर ती पाण्याची कळशी ठेवते.

पुतणी त्या खोडाकडे पाहत उभी राहिली. वरच्या एका जाड फांदीच्या खालच्या अंगाला बरोबर गोल भोक होते, वाटीने मोजून कोरल्यासारखे. थोड्या वेळाने त्यातून एक डोके बाहेर आले. गालावर पांढरी रेघ.

हे तांबट घरटे विणत नाहीत. सुताराप्रमाणे चोचीने लाकूड पोखरून खोली करतात. सुतारपक्ष्याशी त्यांचे लांबचे नातेही आहे. दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनातला तो प्रचंड चोचीचा टूकन पक्षी, जो आपल्या मुलांना चित्रांच्या पुस्तकात दिसतो, तोही यांचाच चुलता. पण सुतारपक्ष्याची चोच पोलादी छिन्नी, तर यांची चोच फळे खाणारी, जाड. जिवंत टणक लाकूड तिला दाद देत नाही. म्हणून त्यांना वाळलेली, आतून मऊ झालेली फांदीच लागते. आपण ज्याला निरुपयोगी खोड म्हणतो, ते त्यांचे घर. आणि त्यांनी सोडलेल्या खोलीत पुढे दयाळ, खार असे दुसरे भाडेकरू येतात, ज्यांना स्वतः घर खोदता येत नाही.

पुतणीने आत्याला सांगितले, "आत्याआजी, झाड आत्ता पाडू नका. आत अंडी असतील."

आत्या म्हणाली, "आगं पोरी, कोरडं खोड हाय ते. त्येला काय पुजायचं का काय? तुमी दोन दिसांनी पुन्याला जाशीला. पावसात चूल मला पेटवायचीया."

आम्हाला उत्तर सुचेना. आत्याचे चुकत नव्हते. या तालुक्यातल्या झाडांचा इतिहास तिला पुस्तकाशिवाय माहीत आहे. पानशेत आणि वरसगावची धरणे झाली, खालच्या सुपीक जमिनी पाण्यात गेल्या, माणसे वर डोंगरउतारावर सरकली. धरणासाठी झालेल्या रस्त्यांनी कोळशाचे व्यापारी आले आणि गरजू शेतकऱ्यांकडून कवडीमोलाने झाडे विकत घेऊन भट्ट्या लावल्या. शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतील डोंगर, धरणे आणि जंगले यांविषयी १९७९ साली लेख लिहून ही कहाणी मांडली. आत्या एवढेच म्हणाली, "आमच्या डोळ्यांदेखत डोंगर काळं झालं, तवा कुनी न्हाई आलं झाडं वाचवाया. आता माज्या एका खोडावर आलाय व्हय?"

दुपारभर आम्ही ओट्यावर बसून त्या भोकाकडे पाहिले. दोन्ही पक्षी दिसायला सारखेच. नर कोण आणि मादी कोण ते सांगता येत नाही. एक आत जाई, दुसरा बाहेर पडे. पुतणी म्हणाली, "काका, लाकडाचा भुसा बाहेर टाकत नाहीत, म्हणजे घर खोदून झाले. चोचीत फळ आणत नाहीत, म्हणजे पिल्ले अजून नाहीत. अंडी उबवत असावेत." अभ्यासकांनी नोंदवले आहे की पांढऱ्या गालाच्या तांबटात दिवसा दोघेही आळीपाळीने अंडी उबवतात आणि रात्री मादी बसते. अंडी पांढरी, बहुधा तीन. चौदा-पंधरा दिवसांत पिल्ले निघतात आणि पुढे छत्तीस ते अडतीस दिवसांनी उडून जातात.

इथे मात्र आमच्यातला कारकून जागा झाला. हिशेब आम्हाला येतो. जास्तीत जास्त धरू. अंडी आजच घातली असे समजा. पंधरा अधिक अडतीस, त्रेपन्न दिवस. २१ मार्चपासून मोजले तर १३ मे. वर एक आठवडा जादा धरला तर २० मे. पाऊस धरतो तो जूनच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे पाडायला, फोडायला, आत रचायला पंधरा दिवस हाती राहतात.

आत्याने हिशेब ऐकून घेतला. विचारले, "आन वळीव आला तर? लाकूड भिजलं तर?"

हा प्रश्न खरा होता. आमच्या सहचारिणी तोपर्यंत गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "आत्याबाई, ताडपत्री आम्ही देतो. आणि एक टाकीही भरून देतो. पाखराची हौस आम्हाला आहे, तर तिचे पैसे तुम्ही का भरायचे?"

आमच्या साऱ्या भाषणांपेक्षा हे एक वाक्य शहाणपणाचे होते. जंगल राखा, पक्षी वाचवा, असे फलक आम्ही शहरात पुष्कळ पाहतो. पण राखण्याची किंमत कोण भरतो? बहुधा ती चुलीपुढे बसलेली म्हातारी भरते, जिने डोंगर उघडे केले नाहीत. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बापू, त्या गड्याला फोन लाव. म्हनावं, बुद्धपौर्णिमा होऊ दे, मग ये."

संध्याकाळी वाडीच्या वरच्या देवराईपर्यंत चालत गेलो. वेल्हे, भोर, मुळशी या भागांत अशी जुनी राने अजून टिकून आहेत. देवाचे रान म्हणून कोणी फांदी तोडत नसे, त्यामुळे उंबर, जांभूळ, प्रचंड वेली तशाच राहिल्या. झाडे टिकली ते चांगलेच झाले. पण भीतीने राखलेली गोष्ट भीती सरली की तुटते, हेही आम्ही पाहतो आहोत. ज्याला कारण कळले, तो पहाऱ्याशिवायही राखतो.

आणि कारण साधे आहे. तांबटांचे मुख्य अन्न वड, पिंपळ, उंबर या जातीची फळे. या जातीची सगळी झाडे एकाच वेळी फळत नाहीत. एक संपले की दुसरे पिकते, म्हणून इतर फळे नसतात तेव्हाही रानाला खायला मिळते. पक्षी फळ खातो, बी त्याच्या पोटातून तशीच बाहेर पडते आणि दूर कुठेतरी रुजते. आपल्या चाळीच्या भिंतीतून, गटाराच्या कडेला पिंपळाचे रोप आपोआप उगवते ना? ते बहुधा अशाच एखाद्या पक्ष्याने पेरलेले असते. ज्या जातीच्या झाडाखाली सिद्धार्थाला बोधी झाली, त्या जातीची पेरणी हे हिरवे मजूर बिनपगारी करत असतात.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आत्याच्या शेजारणीच्या फोनवरून निरोप आला, "पाखराचं पिल्लू भोकातनं डोकं काढून वरडतंय." बुद्धपौर्णिमा झाल्यावर आम्ही वाडीत गेलो, तेव्हा खोली रिकामी होती. लाकूडतोड्या आला. आत्या त्याला म्हणाली, "बाजूच्या दोन फांद्या घे. मधलं खोड राहू दे."

आम्ही विचारले, "का गं आत्या?"

"पोरगी म्हनली, पुढच्या साली त्यात दयाळ ऱ्हाईल. बघू तरी येतोय का."

लाकूड अर्थातच कमी पडले. श्रावणात आत्याला आणखी एक टाकी लागली. आम्ही तिघा भावांनी मिळून तिचे पैसे भरले. आता टाकीवर पाण्याची कळशी नसते, शेगडी ओट्यावर आली आहे.

सह्याद्रीतल्या ३९ ठिकाणांना २०१२ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्यांत महाराष्ट्रातली चार आहेत, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. भोर-वेल्ह्याचे नाव त्यात नाही. इथले रान यादीत नसलेल्या माणसांच्या बांधांवर उभे आहे.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे अशाच डोंगरांत आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन जा. "कुटरू, कुटरू" ऐकू आले की थांबा आणि त्यांना विचारा, गाल पांढरा आहे का? नारिंगी डोळ्याचा दिसला तर तो सगळीकडे भेटणारा भाऊ. पांढऱ्या गालाचा दिसला तर समजा, हा फक्त आपल्याच डोंगरांचा. आणि ज्या म्हातारीच्या बांधावर तो राहतो, तिच्या चुलीची चौकशी केल्याशिवाय परत येऊ नका.